बटाटा जमिनीखालीच का लागतो? पाषाणच्या प्रयोगशाळेत सापडलेला वीस-एकवीस अक्षरांचा दुवा

बटाट्याचं एक झाड. पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यांत सुपारीएवढे हिरवट-जांभळे गोळे लागलेले. असा फोटो मोबाइलवर आला की पहिली शंका येते, ‘हे एआयने बनवलेलं दिसतंय.’ दुसरी शंका, ‘टोमॅटोबरोबर कलम केलं असेल.’ दोन्ही शंका चुकीच्या असू शकतात. फांदीवर असे बटाटे खरोखर लागतात. पुण्यात पाषाणजवळच्या ‘आयसर’ या संस्थेतल्या संशोधकांनी तर असे बटाटे लागणारी झाडं मुद्दाम तयार केली होती. त्यासाठी त्यांनी बटाट्यात टोमॅटोचं किंवा दुसऱ्या कुठल्या पिकाचं काही घातलं नव्हतं. बटाट्याच्या पेशीत मुळातच असलेला एक अगदी छोटा रेणू त्यांनी फक्त जास्त प्रमाणात बनू दिला होता.

त्या रेणूचं नाव मायक्रोआरएनए-156. त्याची लांबी जेमतेम वीस-एकवीस अक्षरं. एवढासा रेणू झाडाचा आख्खा आकार कसा बदलतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात स्वयंपाकघरातल्या टोपलीपासून करावी लागेल.

बटाटा हे मूळ नाही

गाजर मूळ आहे, रताळं मूळ आहे, पण बटाटा खोड आहे. पुरावा त्याच्या अंगावरच असतो. बटाट्यावरचे ‘डोळे’ म्हणजे खोडावर असतात तसे कोंब. पिशवीत विसरलेल्या बटाट्याला त्या डोळ्यांतूनच मोड येतात आणि शेतकरी बेण्याचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्यावर डोळा राहील याची काळजी घेतो, ती याचसाठी. (बाकी ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. उत्तरेत त्यालाच आलू म्हणतात आणि आपण मात्र अळू म्हणून भलत्याच पानांची भाजी करतो.)

बटाट्याच्या झाडाला मातीखालच्या खोडातून पांढऱ्या, आडव्या फांद्या फुटतात. त्यांना स्टोलॉन म्हणतात. त्यांचं टोक आधी आकड्यासारखं वाकतं, मग फुगायला लागतं, आणि पानांत तयार झालेली साखर तिथे येऊन पिठाच्या रूपात साठते. तोच बटाटा.

आता यातली गंमत अशी, की जमिनीवरच्या खोडालाही प्रत्येक पानाच्या बेचक्यात तसाच एक डोळा असतो. जमिनीखालच्या डोळ्यातून बटाटा होऊ शकतो, तर वरच्या डोळ्यातून का नाही? म्हणजे फोटोतलं झाड विचित्र नाहीच. विचार करायला लावणारं आहे ते रोजचं, सरळ वागणारं झाड. वरचे सगळे डोळे ते कसे गप्प ठेवतं?

पानं उजेड बघतात, बटाटा अंधारात लागतो

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथली ‘अँडिजेना’ ही जुनी उपजात दिवसाच्या लांबीबाबत भलतीच काटेकोर आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी असेल तरच ती बटाटे धरते. प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येतं. एका खोलीत रोज आठ तास उजेड ठेवला की बटाटे लागतात. दुसऱ्या खोलीत सोळा तास ठेवला की नुसता पाला वाढतो. पुण्यात डिसेंबरातला दिवस साधारण अकरा तासांचा आणि जूनमधला तेरा तासांहून थोडा मोठा असतो. आज शेतात असलेल्या जाती अँडिजेनाइतक्या हट्टी राहिलेल्या नाहीत. नाहीतर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा घेणं फार अवघड झालं असतं. पण त्यांच्या आत यंत्रणा तीच आहे, आणि संशोधनासाठी हट्टी जात बरी पडते, कारण तिचं उत्तर स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मिळतं.

यात एक अडचण आहे. दिवसाची लांबी मोजतात ती पानं आणि बटाटा लागतो मातीखाली, काळोखात. म्हणजे पानांकडून खाली काहीतरी निरोप गेला पाहिजे. तो जातो हे कलमांच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसलं होतं. 1981 मध्ये सोव्हिएत संशोधक मिखाईल चैलाख्यान यांच्या गटाने तर बटाट्याच्या खुंटावर तंबाखूची कांडी बांधली. तंबाखू फुलण्याच्या बेतात आली, तेव्हा खालच्या बटाट्याने कंद धरले. दोन्ही झाडं एकाच कुळातली आणि निरोपाची भाषाही बहुधा एकच.

हा निरोप कशाचा असतो? गेल्या दोन-तीन दशकांत उत्तर मिळत गेलं ते असं, की निरोप एक नाही, अनेक आहेत. काही प्रथिनं आहेत, काही लांब आरएनए आहेत. पुण्याच्या आयसरमधले डॉ. अंजन बॅनर्जी त्याआधी अमेरिकेत आयोवा इथे डेव्हिड हॅनापेल यांच्याबरोबर अशाच एका प्रवासी आरएनएवर काम करत होते. बटाट्याच्या ‘बेल-5’ या जनुकाचा आरएनए पानांतून निघून स्टोलॉनपर्यंत पोचतो आणि कंद धरायला मदत करतो, हे त्या गटाने 2006 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी पुण्यात आयसर सुरू झालं. पुढे इथल्या प्रयोगशाळेत प्रश्न आला तो छोट्या आरएनएचा.

चिठ्ठी आणि कात्री

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पेशीतला डीएनए म्हणजे तलाठ्याकडची मूळ नोंदवही समजा. ती दप्तराबाहेर जात नाही. बाहेर येतो तो उतारा, म्हणजे संदेशवाहक आरएनए. हा उतारा वाचून पेशी प्रथिन बनवते. एका उताऱ्यात शेकडो ते हजारो अक्षरं असतात. अक्षरं चारच, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा.

मायक्रोआरएनए हा असा उतारा नाही. त्याच्यावरून कुठलंही प्रथिन बनत नाही. तो निव्वळ वीस-बावीस अक्षरांची चिठ्ठी आहे. आधी एक लांब आरएनए बनतो आणि स्वतःवरच दुमडून केसातल्या आकड्यासारखा होतो. डायसर जातीचं एक प्रथिन त्यातून नेमक्या मापाचा दुपदरी तुकडा कापून काढतं. त्या दोन पदरांपैकी साधारणपणे एक टाकून दिला जातो आणि उरलेला पदर आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतो.

खरं काम सुरू होतं ते इथून. आर्गोनॉट म्हणजे कात्री. पण ही कात्री आंधळी आहे. पेशीत हजारो उतारे फिरत असतात, त्यातला कुठला कापायचा हे तिला कळत नाही. चिठ्ठीला ते कळतं, पण चिठ्ठीला धार नाही. दोघं एकत्र आली की चिठ्ठीवरच्या अक्षरांशी जोडी जमणारा उतारा सापडतो आणि आर्गोनॉट तो कापतं. वनस्पतींमध्ये हा काप चिठ्ठीच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षराच्या समोर, अगदी ठरलेल्या जागी पडतो. कापलेल्या उताऱ्यावरून प्रथिन बनत नाही. चिठ्ठी मात्र कात्रीतच राहते आणि पुढच्या उताऱ्याकडे वळते. एक चिठ्ठी असे कितीतरी उतारे निकालात काढू शकते. प्राण्यांमध्ये जोडी बहुतेकदा अर्धवट जमते आणि तिथे कापण्यापेक्षा उतारा दाबून ठेवण्यावर भर असतो. तत्त्व तेच.

‘छोट्या आरएनएने जनुक बंद केलं’ असं बातम्यांत लिहिलेलं असतं, ते म्हणून अर्धंच खरं असतं. प्रथिनाशिवाय तो आरएनए काहीच करत नाही. उघडा पडला तर पेशीतली विकरं त्याचा लवकरच फडशा पाडतात.

आर्गोनॉट या नावामागेही एक झाडच आहे. 1998 मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यात हे जनुक बिघडलेलं सापडलं. त्या रोपाची पानं अरुंद, नळीसारखी झाली होती आणि रोप एखाद्या छोट्या ऑक्टोपससारखं दिसत होतं. आर्गोनॉट नावाचा एक ऑक्टोपस समुद्रात असतो, तेच नाव जनुकाला मिळालं. ते नेमकं काय करतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिला मायक्रोआरएनए त्याआधीच, 1993 मध्ये, मिलिमीटरभर लांबीच्या एका जंतात सापडला होता. तो शोधणारे व्हिक्टर अँब्रोस आणि त्याचं काम उलगडणारे गॅरी रुव्हकून यांना नोबेल मिळायला 2024 उजाडलं. जंतातली ती एक विचित्र गोष्ट असावी, अशी बरीच वर्षं समजूत होती.

झाडाला लहान ठेवणारी चिठ्ठी

मायक्रोआरएनए-156 वनस्पतींमध्ये फार जुना आहे, शेवाळवर्गातल्या मॉसमध्येही तो सापडतो. त्याचं मुख्य काम झाडाचं बालपण टिकवणं. रोप कोवळं असताना तो भरपूर असतो आणि ‘एसपीएल’ नावाच्या जनुकांचे उतारे कापत राहतो. झाड वाढतं, पानांत साखर बनू लागते, तसा तो कमी होतो. मग एसपीएल प्रथिनं डोकं वर काढतात आणि झाड मोठ्यांसारखं वागू लागतं, म्हणजे फुलणं, फळणं वगैरे. एसपीएल प्रथिनं पुढे मायक्रोआरएनए-172 नावाच्या दुसऱ्या चिठ्ठीचं उत्पादन वाढवतात. ही दुसरी चिठ्ठी बटाट्यात कंद धरायला चालना देते, हे स्पेनमधल्या गटाने 2009 मध्ये दाखवलं होतं.

आयसरमधल्या स्नेहा भोगले, अंजन बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 2014 मध्ये ‘प्लांट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यात शेजारच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलमधल्या, एच. व्ही. तुलसीराम यांचाही सहभाग होता. त्यांनी अँडिजेना बटाट्यात मायक्रोआरएनए-156 जास्त बनेल अशी झाडं तयार केली. झाडांचा नूरच बदलला. ती झुडपासारखी वाढली. मातीखालचं उत्पादन घटलं. आणि लहान दिवसांत बटाटे लागले ते जमिनीवर, पानांच्या बेचक्यांत. झाडातल्या सायटोकायनिन आणि स्ट्रायगोलॅक्टोन या संप्रेरकांची पातळीही बदललेली आढळली. फांद्या फुटू द्यायच्या की डोळे निजलेले ठेवायचे, हे ठरवण्यात या दोन्ही संप्रेरकांचा हात असतो.

निबंधातला एक भाग बाहेरच्या वाचकाला रुक्ष वाटेल, पण तोच सगळ्यात पक्का पुरावा आहे. बटाट्याची पाच जनुकं या चिठ्ठीचं लक्ष्य आहेत, हे त्यांनी उताऱ्यांचे कापलेले तुकडे शोधून दाखवलं. काप चिठ्ठी जिथे जुळते नेमका त्याच पट्ट्यात पडलेला दिसला, तर तो आपोआप झिजल्यामुळे पडलाय असं म्हणता येत नाही. ते आर्गोनॉटच्या कात्रीचे ठसे असतात. एसपीएल-9 हे त्या पाचांपैकी एक. 156 ची चिठ्ठी कापू शकणार नाही असं एसपीएल-9 झाडात घातलं, तेव्हा लहान दिवसांत 172 ची पातळी वाढली. साखळी जुळली: 156 जास्त तर एसपीएल-9 कमी, एसपीएल-9 कमी तर 172 कमी.

प्रवास

आता सगळ्यात नाजूक भाग. दिवस मोठे असताना ही चिठ्ठी पानांत आणि खोडात जास्त होती. दिवस लहान झाले की ती स्टोलॉनमध्ये वाढलेली दिसली. मग ती वरून खाली गेली का?

झाडात साखर वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांना रसवाहिन्या म्हणतात. साध्या, न बदललेल्या बटाट्याच्या रसवाहिन्यांतल्या पेशी वेगळ्या काढून तपासल्या, तर त्यांत मायक्रोआरएनए-156 सापडला. म्हणजे गाडी उभी राहते त्या फलाटावर प्रवासी दिसला. पण फलाटावर दिसलेला माणूस गाडीत चढलाच असं नसतं. म्हणून पुढची पायरी कलमांची. आंब्याचं किंवा गुलाबाचं कलम पुण्याच्या कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं. इथे कलम बटाट्यावर बटाट्याचंच होतं. एक भाग साधा, दुसरा चिठ्ठी जास्त बनवणारा. सांध्यापलीकडे चिठ्ठी पोचल्याची चिन्हं दिसली. तिच्याबरोबर पानांचा आकार बदलला आणि पानांवरची लवही लांब झाली.

तरीही निबंधाच्या शीर्षकात मायक्रोआरएनए-156 ला कलमातून जाणारा ‘संभाव्य’ रेणू म्हटलं आहे. हा एक शब्द बातम्या करताना सगळ्यात आधी गळतो. तो तिथे असण्याला कारण आहे. झाडाच्या प्रत्येक पेशीत ही चिठ्ठी थोडीफार बनतेच. सांध्यापलीकडे सापडलेली प्रत नक्की पलीकडूनच आली, की वेगळ्याच एखाद्या निरोपामुळे तिथल्या तिथे जास्त बनली, हे वेगळं करणं कठीण असतं. त्या वेळेपर्यंत असे प्रवासी म्हणून फक्त तीन मायक्रोआरएनए दाखवले गेले होते.

आणि प्रवासातही ती एकटी जाते का, हा प्रश्न आहेच. 2004 मध्ये भोपळ्याच्या रसवाहिनीतल्या रसात एक प्रथिन सापडलं होतं. ते छोट्या, एकपदरी आरएनएला निवडून धरतं आणि पेशीतून पेशीत जायला मदत करतं. बटाट्याच्या बेल-5 च्या लांब आरएनएलाही वाटेत धरून ठेवणारी दोन प्रथिनं आहेत.  थोडक्यात, कात्रीत बसायला प्रथिन लागतं आणि गाडीत बसायलाही प्रथिन लागतं.

उन्हाळा आणि आणखी एक चिठ्ठी

याचा शेतकऱ्याला उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. पुण्यातल्या या कामातून कुठली नवी जात बाजारात आलेली नाही. भारतात जनुकीय बदल केलेलं जे पीक शेतकरी व्यापारी पातळीवर घेतात ते बीटी कापूस, बटाटा नाही. मार्केट यार्डात गुलटेकडीला उतरणाऱ्या गोण्यांत असा बटाटा असण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

पण ही चिठ्ठी-कात्रीची यंत्रणा कळली की पिकाच्या काही जुन्या दुखण्यांचा अर्थ लागतो. बटाट्याला उष्णता मानवत नाही. रात्री गार नसल्या तर झाड पाला वाढवतं आणि कंद धरत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात उन्हाळ्यात बटाटा घ्यायला कुणी धजत नाही. 2019 मध्ये जर्मनीत एरलांगन इथल्या संशोधकांनी दाखवलं, की गरमी वाढली की बटाट्यात एक छोटा आरएनए वाढतो आणि ‘एसपी-6ए’ या जनुकाच्या उताऱ्यावर चाल करतो. एसपी-6ए हाच पानांतून खाली जाणारा प्रथिनरूपी निरोप. म्हणजे उन्हात झाडाचा निरोप निघण्याआधीच कापला जातो. त्या संशोधकांनी या छोट्या आरएनएला अडकवून ठेवणारा खोटा उतारा झाडात घातला. कात्री त्या खोट्या उताऱ्यात गुंतून राहिली आणि झाडांनी सततच्या उष्णतेतही बटाटे धरले. हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे. पण तापत चाललेल्या हंगामात बटाटा टिकवायचा असेल, तर कुठे हात घालावा याची जागा त्यातून दिसते.

दुसरा उपयोग कीडनाशकाचा. युरोप-अमेरिकेत कोलोरॅडो भुंगेरा बटाट्याचा पाला फस्त करतो. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये ‘लेडप्रोना’ नावाच्या फवारणीला नोंदणी मिळाली. फवारणी कसली, तर दुपदरी आरएनएची. भुंगेरा पानाबरोबर ती खातो, त्याच्या पेशीतलं डायसर तिचे तुकडे करतं, तुकडे त्याच्याच आर्गोनॉटमध्ये बसतात आणि त्याचंच एक गरजेचं जनुक बंद पडतं. हा भुंगेरा भारतात नाही, म्हणून हे औषध इथल्या दुकानांत शोधायला जाऊ नये.

खाल्लेला आरएनए अंगात जातो का?

भुंगेऱ्याला लागू पडतं तर माणसाला का नाही, ही शंका इथे येणारच. आणि ती पसरलीही होती. 2011 मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या गटाने असा दावा केला, की भातातला मायक्रोआरएनए-168 भात खाणाऱ्यांच्या रक्तात सापडतो आणि यकृतातल्या एका जनुकावर परिणाम करतो. बातमी जगभर गेली. नंतर इतर गटांनी प्राण्यांना आणि माणसांना वनस्पतिजन्य आहार देऊन तपासलं, तेव्हा रक्तात अशा रेणूंचं नगण्य प्रमाण सापडलं, काही वेळा नमुन्यांत बाहेरून मिसळलेलंच असावं असं दिसलं. मूळ निकाल त्यांना पुन्हा मिळाला नाही.

ते का, हे कात्रीच्या गोष्टीतूनच कळतं. शिजवलेल्या बटाट्यातला आरएनए तोंडातल्या लाळेपासून आतड्यापर्यंत विकरांच्या तावडीत असतो. त्यातून एखादा वाचलाच, तर पेशीच्या आत शिरून आर्गोनॉटच्या खाचेत बसावा लागतो, आणि परिणाम दिसायला अशा हजारो प्रती लागतात. औषध कंपन्यांना हे अंतर पार करायला दोन दशकं लागली. या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं. ते शिरेतून द्यावं लागतं, तेही चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून. उकडलेल्या बटाट्याला यातली कुठलीच सोय नसते.

आता पुन्हा त्या फोटोकडे. शेतात खरोखर एखाद्या झाडाच्या फांदीवर बटाटे दिसले, तर त्यामागे प्रयोगशाळा नसते. बहुतेकदा खोडाच्या बुंध्याला इजा झालेली असते किंवा काळ्या खवल्याची बुरशी लागून रसवाहिन्या दबलेल्या असतात. पानांतली साखर खाली जाऊ शकत नाही, वरच अडकते आणि वरचे निजलेले डोळे फुगतात. झाड उपटून बुंध्याशी तपकिरी, खचलेला चट्टा दिसतो का ते बघावं. तसं असेल तर पुढच्या हंगामाला त्या ओळीतलं बेणं ठेवू नये. आणि ते फांदीवरचे गोळे कितीही गोंडस दिसले तरी भाजीत टाकू नयेत. उन्हात हिरव्या झालेल्या बटाट्यात सोलानिन असतं. ते कडवट लागतं आणि पोट बिघडवतं.